अकरा महिन्यांचा करार नक्की कोणाच्या सोयीचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या वाचकांच्या पत्रांमध्ये पुण्यात वाकडला भाड्याने राहणाऱ्या एका गृहस्थांचं पत्र होतं. घरमालक दर अकरा महिन्यांनी करार संपवतात, भाडं वाढवतात, ‘कायदाच तसा आहे’ म्हणून हात वर करतात आणि प्रत्येक वेळी एजंटचे पैसे भाडेकरूच्या बोकांडी बसतात, असं त्यांचं म्हणणं. वाचून मला दोनदा राग आला. पहिल्यांदा त्यांचा, कारण मी घरमालकीण आहे. चहा झाल्यावर स्वतःचा, कारण ‘कायदाच तसा आहे’ हे वाक्य मीही दहा वर्षं माझ्या भाडेकरूंना ऐकवलेलं आहे. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण मधला हिशेबाचा भाग तेवढा ठेवा.

मी पोस्टात चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी काउंटरवर. राहते कोथरूडला. वाकडचा दोन बेडरूमचा फ्लॅट आम्ही नवराबायकोने दोघांच्या निवृत्तीचे पैसे घालून घेतला आणि २०१४ साली पहिल्यांदा भाड्याने दिला. त्यानंतर दोन वर्षांनी हे गेले. आता त्या भाड्यात माझी औषधं, कामवाल्या बाई आणि वर्षातून एक लग्नाचा आहेर निघतो. म्हणजे मी काही जमीनदार नव्हे. उलट माझा जन्म भाडेकरूच्या घरात, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात झाला. दोन खोल्या, भाडं अठरा रुपये, आणि पाऊस आला की कौलं बदलायला वडील स्वतः शिडी लावायचे, कारण मालक म्हणायचे, ‘अठरा रुपयांत कौलं कशी येतील?’ बरोबरच म्हणायचे. आमच्या वडिलांनाही ते बरोबर वाटायचं, पण घर सोडायचा विषय कधी निघाला नाही. मालक माडीवर, आम्ही खाली, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांशी न बोलता चाळीस वर्षं राहिली.

तो वाडा मुद्दाम काढला, कारण अकरा महिन्यांच्या भीतीचं मूळ तिथे आहे. आमच्या पिढीच्या घरमालकाच्या डोक्यात एकच चित्र असतं: भाडेकरू घुसला की निघत नाही. ती भीती निराधारही नव्हती. मुंबई भाडे कायदा १९४७ चा. त्यातून सुटायला लोक भाडेपट्ट्याऐवजी ‘लीव्ह अँड लायसन्स’, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी देणारा करार, करू लागले, तर १९७३ मध्ये कायदा बदलून १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ज्यांच्या काका-मामांचं घर तेव्हा गेलं, त्यांच्या घरात ती गोष्ट आजही पानावर बसल्यावर निघते.

पण त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. आणि त्यात काय काय लिहिलंय हे मला पुरतं कळायला २०२४ चा मे महिना उजाडावा लागला.

त्या दिवशी एजंटने करार नोंदवायला एक मुलगा घरी पाठवला होता. पाठीला सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन. तुमच्यापैकी कुणी घरबसल्या भाडेकरार नोंदवला असेल तर त्यांना हा मुलगा ओळखीचा असेल. माझा अंगठा काही केल्या उठेना. चौतीस वर्षं ओल्या स्पंजवर बोट टेकवून नोटा मोजल्या, शिक्के मारले, त्यात रेषा शिल्लक राहिल्या असतील तर नवल. त्याने खिशातून व्हॅसलिनची डबी काढली, माझ्या अंगठ्याला लावलं, रुमालाने पुसलं. ‘काकू, जरा दाबून. एवढं नको. हां.’ पाचव्या वेळेला मशीनचा दिवा हिरवा झाला.

तोवर मी शेजारी बसून त्याचा स्क्रीन वाचत होते. फॉर्म दिसला की वाचायचा ही पोस्टातली खोड. एका रकान्यात लिहिलं होतं ‘कालावधी (महिने)’. त्याने मला न विचारता तिथे ११ टाकलं.

मी म्हटलं, ‘इथे ३६ टाकलं तर?’

‘होतं की. साठपर्यंत होतं.’

‘मग अकराच का टाकतोस?’

तो हसला. ‘सर अकराच टाकायला सांगतात.’

झालं. दहा वर्षांचं कोडं एका पोराने एका वाक्यात सोडवलं. मी त्या दिवशी करार थांबवला, मुलाला सरबत दिलं, आणि दुसऱ्या दिवशी तो अधिनियम आणून चष्मा लावून बसले. जे कळलं ते मला समजलं तसं लिहिते. वकिलांनी चूक काढली तर आनंदच आहे.

अकराचा आकडा आला १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर नोंदणी सक्तीची. नोंदणीचा खर्च आणि खेटे टाळायला लोकांनी बारातून एक वजा केला. इतर अनेक राज्यांत आजही ते गणित चालतं. आपल्याकडे मात्र १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार अकरा महिन्यांचा असो की एका महिन्याचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं; वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नोंदणी चुकवायला अकरा महिने करायचे, आणि अकरा महिन्यांचीही नोंदणी करायची. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. त्यानंतरही कुणी काउंटरवर तारेचे फॉर्म विकत बसावं, तसं हे झालं.

आणि ‘जास्त दिवस राहिला तर हक्क सांगेल’ ही भीती? त्याच कायद्यात कलम २४ आहे. लायसन्सची मुदत संपली की घर परत द्यायचं. न दिल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा वादांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि तोवरच्या काळासाठी दुप्पट भाडं लागतं. करारात मुदत अकरा लिहा की छत्तीस, हे कलम तेच राहतं. लेखी, नोंदवलेला करार हाच तिथला पुरावा. माझ्याकडे एकदा एक कुटुंब मुदतीनंतर सात आठवडे राहिलं. मुलाची शाळा, नवं घर मिळेना, कारणं खरी होती. मी एक साधं पत्र पाठवलं, त्यात ‘कलम २४’ आणि ‘दुप्पट’ हे दोन शब्द होते. आठव्या आठवड्यात टेम्पो लागला. दुप्पट मी घेतलं नाही, पण पत्राची पोच अजून जपून ठेवली आहे.

आता हिशेब. माझी एक लाल वही आहे. तीत २०१४ ते २०२४ मध्ये दहा करार आहेत. त्यातले चार नव्या भाडेकरूंशी. उरलेले सहा करार निव्वळ रिन्युअल: माणसं तीच, घर तेच, पंखे तेच, बदलली ती तारीख. या सहा रिन्युअलना एजंटने दर वेळी अर्ध्या महिन्याचं भाडं माझ्याकडून आणि अर्ध्या महिन्याचं भाडेकरूकडून घेतलं. माझी बेरीज ५४,२५० रुपये. भाडेकरूंची तितकीच. लाखाच्या वर रक्कम गेली, आणि त्या बदल्यात एजंटने काय केलं? तो मुलगा पाठवला. त्याच्या ‘अ‍ॅग्रीमेंट चार्जेस’चे पैसे पुन्हा वेगळे. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायचे पाचशे वेगळे, जी ऑनलाइन फुकट देता येते. मी स्वतः दिली, पंचवीस मिनिटं लागली, त्यातली दहा फोटोचा आकार लहान करण्यात.

आता छत्तीस महिन्यांचं बघा. भाडं पहिल्या वर्षी २४,०००, दुसऱ्या वर्षी पाच टक्के वाढून २५,२००, तिसऱ्या वर्षी २६,४६०. डिपॉझिट एक लाख. स्टँप ड्युटी लागते तीन वर्षांच्या एकूण भाड्यावर, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून त्यावर, पाव टक्का. एकूण भाडं ९,०७,९२०, व्याजाचे ३०,०००, त्यावर पाव टक्का म्हणजे चोवीसशेच्या घरात. शहरातली नोंदणी फी १,०००. बाकी किरकोळ हाताळणी शुल्क धरून सगळं चार हजारांच्या आत, तेही तीन वर्षांतून एकदा. आम्ही ते अर्धं अर्धं वाटून घेतलं. भाडेकरू नवराबायको दोघंही संगणकातले, पण हा हिशेब मी पेन्सिलीने करून दाखवला तेव्हा ती मुलगी म्हणाली, ‘काकू, आम्हाला तीन घरमालकांनी सांगितलं होतं की अकराच्या वर कायद्याने होत नाही.’ मी तेव्हा काही बोलले नाही. चौथी मीच होते.

यावर लोक म्हणतात, छत्तीस महिने अडकून पडायचं? अडकत कुणीच नाही. आमच्या करारात सहा महिन्यांचा लॉक-इन आहे, त्यानंतर दोघांपैकी कुणीही एक महिन्याची नोटीस देऊन मोकळं. त्यांची बंगळूरला बदली झाली तर ते जातील. मला घर विकायचं झालं तर मी सांगेन. फक्त दर अकरा महिन्यांनी ‘काकू, या वेळी किती वाढवणार?’ हा भीतभीत येणारा फोन बंद झाला. मी कधी वाढ ठरवताना त्यांच्या घरातला नवा टीव्ही मोजत होते, हेही बंद झालं.

एजंटांवर सरसकट तोंडसुख घ्यायचा माझा हेतू नाही. आमचे पहिले एजंट वेगळे होते. जुनी स्कूटर, कमरेला चाव्यांचा जुडगा, प्रत्येक चावीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर शिसपेन्सिलीने इमारतीचं नाव. ते घर दाखवताना आधी बाथरूमचा नळ सोडायचे. भाडेकरूला स्वतःहून सांगायचे, ‘मे महिन्यात इथे टँकर येतो, आधी ऐकून घ्या, मग हो म्हणा.’ मी त्यांच्यावर चिडले होते, गिऱ्हाईक पळवता म्हणून. ते म्हणाले, ‘मॅडम, आत्ता पळालं तर एक फेरी गेली. मेमध्ये पळालं तर तुमचे दोन महिने रिकामे जातील.’ त्यांनी माणूस शोधला, त्याच्या ऑफिसात चौकशी केली, राहायला आल्यावर गीझर चालतो का बघायला परत आले. त्या कामाचे पैसे एकदा द्यायला माझी आजही तयारी आहे. पण ते गावी गेले आणि त्यांचा जुडगा ज्यांच्याकडे गेला ते फोनवरच असतात. ‘पार्टी चांगली आहे मॅडम, आयटीवाले आहेत, व्हेज आहेत, टोकन आजच देतायत.’ हे वाक्य मला पाठ आहे. घर पाहायला येणाऱ्याला ते चावी वॉचमनकडून घ्यायला सांगतात. माझ्या फ्लॅटच्या तीन चाव्या आहेत: एक माझ्याकडे, एक भाडेकरूंकडे आणि एक एजंटकडे ‘व्हिजिटसाठी’. भाडेकरू राहत असताना कसली व्हिजिट, हे विचारायचं मला सुचायला सहा वर्षं लागली.

आणखी एक कबुली. एकदा एका तरुणाला घर पसंत पडलं होतं, बीडचा, चांगल्या नोकरीत, बायको आणि एक लहान मूल. एजंटने मला फोन केला, ‘मॅडम, आडनाव जरा... सोसायटीत चालेल ना?’ सोसायटीने असं कधी काही सांगितलेलं नव्हतं. मी फक्त ‘बघू’ म्हटलं. एजंटने त्या ‘बघू’चं भाषांतर करून त्याला काय कळवलं असेल ते मला ठाऊक आहे. तो फ्लॅट त्यानंतर पावणेदोन महिने रिकामा राहिला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदा लिहिते आहे.

माझी भाची न्यू जर्सीला असते. तिचा बाणेरला फ्लॅट आहे. तिथे कुणी नात्यातलं नको म्हणून तिने एका प्रॉपर्टी मॅनेजमेंट कंपनीला घर सोपवलं. भाडं ३०,०००. कंपनीची फी दरमहा आठ टक्के आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला २,८३२, वर्षाला ३३,९८४. एका महिन्याच्या भाड्याहून जास्त. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो कंपनीला सुकाळाचा. त्यांचा माणूस भाचीला म्हणाला, ‘फी टॅक्समध्ये वजा दाखवता येते.’ येत नाही. घरभाड्याच्या उत्पन्नातून पालिकेचा कर गेल्यावर सरसकट तीस टक्के वजावट मिळते, तुम्ही दुरुस्तीवर रुपया खर्च करा की लाख. त्यात मॅनेजरची फी निराळी बसत नाही.

गेल्या पावसाळ्यात खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली. कंपनीने भाचीला बिल पाठवलं: बाथरूम वॉटरप्रूफिंग, १८,५०० रुपये. सोबत ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो. तिने मला पाठवले, ‘मावशी, बघ गं, एवढे लागतात का?’ मी फोटो मोठे करून पाहिले. भिंतीच्या टाइल्स हिरव्या. भाचीच्या बाथरूमच्या टाइल्स मी आणि माझ्या बहिणीने चार दुकानं पालथी घालून निवडल्या होत्या. हस्तिदंती, मधून तपकिरी पट्टा. पट्ट्यावरून आमचं भांडण झालं होतं, म्हणून तो मी विसरणं शक्य नाही. मी रिक्षा करून गेले. भाडेकरूने दार उघडलं, बाथरूम कोरडं, टाइल्स हस्तिदंती, आणि कुणी काम केल्याची एक खूण नाही. मी आमच्या ओळखीच्या प्लंबरला बोलावलं. त्याने नहाणीची जाळी काढली, खालचा ट्रॅप फुटलेला निघाला. तो बदलला, कडेच्या सांध्यांत इपॉक्सी भरलं. २,२०० रुपये, त्यात त्याचा आणि माझा चहा. ओल थांबली.

कंपनीला विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘फोटो चुकून दुसऱ्या युनिटचे अटॅच झाले.’ असेलही. पण मग आमच्या युनिटचे कुठे आहेत, याचं उत्तर आलं नाही. याच कंपनीने भाचीला आणि तिच्या भाडेकरूला हेही सांगितलं नव्हतं की मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून कर कापून भरायचा असतो, तीस टक्के आणि वर सेस. पन्नास हजारांच्या खालच्या भाड्याला कापायचं नसतं ही सूट निवासी मालकांच्या बाबतीतली. कापलं नाही तर नोटीस त्या भाडेकरूला येते, ज्याला बिचाऱ्याला मालक कुठल्या देशात राहते हेही नीट ठाऊक नव्हतं. आठ टक्के घेणाऱ्याने निदान एवढं सांगायला हवं. भाचीने ते कंत्राट बंद केलं. आता ते घरही मीच बघते, पगार म्हणून दिवाळीत ती मला बदामाचा डबा आणते.

सोसायट्यांचंही थोडं. आमच्या वाकडच्या सोसायटीत फ्लॅट भाड्याने दिला की महिना हजार रुपये ‘नॉन-ऑक्युपन्सी’ लावत होते, आणि प्रत्येक नव्या करारासाठी ‘एनओसी’चे वेगळे. राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे, हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आमचं सेवाशुल्क बावीसशे, म्हणजे दोनशेवीस. मी आदेशाची प्रत नेली. सेक्रेटरी म्हणाले, ‘मॅडम, एजीएममध्ये ठराव झालाय.’ मी म्हटलं, ठराव उद्या नळाला दूध येईल असाही करता येईल. चार महिने पत्रं चालली, शेवटी दोनशेवीस झाले. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. आणि दर अकरा महिन्यांना नवा करार, म्हणजे दर अकरा महिन्यांना नवी ‘एनओसी’. म्हणजे हा आकडा सोसायटीच्याही सोयीचाच.

दोन मागण्या मात्र आहेत, आपल्या दैनिकामार्फत. पहिली, नोंदणी विभागाने त्या ऑनलाइन फॉर्मवर, ‘कालावधी’च्या रकान्याशेजारीच, एक ओळ मराठीत छापावी: ‘साठ महिन्यांपर्यंत कोणतीही मुदत चालते, कराराला अकरा महिन्यांची सक्ती नाही.’ याला अध्यादेश लागत नाही, एक ओळ लागते.

दुसरी, भाड्याच्या घरांच्या एजंटांची कुठे तरी नोंद असावी. महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, एजंटची नोंदणी असते ती नव्या प्रकल्पांतली घरं विकण्यासाठी. वाकडचा जुना फ्लॅट भाड्याने लावणाऱ्याला ती लागत नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडे कायदा मंजूर केला, त्यात प्रॉपर्टी मॅनेजरची कर्तव्यंसुद्धा लिहिली आहेत, आणि राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं ठेवलं आहे. तो घ्यायचा की नाही हे राज्यांवर आहे. आपण १९९९ च्याच कायद्यावर चाललो आहोत. दोन महिन्यांच्या डिपॉझिटने माझ्यासारखीचं थोडं नुकसान होईल. माझं डिपॉझिट चार महिन्यांच्या आसपास आहे, आणि खरं सांगायचं तर एवढं घ्यायचं कारण मलाही नीट सांगता येणार नाही. सगळे घेतात म्हणून.

ज्या गृहस्थांनी ते पत्र लिहिलं, त्यांना एवढंच: पुढच्या वेळी तो सॅकवाला मुलगा आला की त्याच्या शेजारी बसा आणि स्क्रीन बघा. मालकांनाही बसवा. व्हॅसलिनची डबी त्याच्याकडे असतेच.

आपली नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे

ता. क. – माझं नाव आणि पत्ता आपल्या माहितीसाठी पाकिटावर आहे, कृपया छापू नये. तिसरी चावी अजून एजंटकडे आहे. कुलूपवाला रविवारी येतो म्हणाला आहे, त्यामुळे पत्र सोमवारनंतर छापलंत तर बरं.